पाळतीच्या कायद्याविरुद्ध पत्र लिहायचंय? आधी पत्ता बघा

प्रश्न, थोडक्यात: सरकार मोबाइलवर पाळत ठेवायला नवा कायदा आणतंय, असे मेसेज आमच्या गावात फिरत आहेत. युवक मंडळातर्फे आम्ही 200 पोस्टकार्डं छापून घेतली आहेत, बेळगावच्या खासदारांच्या नावे. मराठीत लिहिलेलं चालतं का? आमदारांनाही पाठवायची का? आणि नाव-पत्ता दिला तर उद्या आमच्यावरच नजर राहील, असं घरचे म्हणतात. (खानापूर तालुका)

उत्तर:

कार्डं अजून पेटीत टाकली नसतील तर थांबा. खानापूर जिल्ह्यानं बेळगावचं, पण लोकसभेला ते उत्तर कन्नड मतदारसंघात जातं, ज्याला आपल्याकडे अजून कारवारच म्हणतात. शेजारचं कित्तूरही तिकडंच. निपाणी चिकोडीत, आणि बेळगाव शहराला खेटून असलेला यमकनमर्डी विधानसभा मतदारसंघसुद्धा चिकोडीतच. तुमची 200 कार्डं बेळगावच्या खासदारांच्या कार्यालयात गेली, तर तिथं टपाल बघणारा माणूस पहिल्या कार्डावरचं 'ता. खानापूर' वाचेल आणि गठ्ठा बाजूला सरकवेल. एवढ्या खात्रीनं सांगतो, कारण दुसऱ्या एका कार्यालयात तो माणूस मीच होतो. 11 वर्षं एका लोकप्रतिनिधींचं टपाल मी फोडलं. त्याच्या आधी आणि नंतर डीसी ऑफिस, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीबाहेर टेबल टाकून कन्नड, मराठी आणि इंग्रजीत लोकांचे अर्ज टाइप केले, आजही करतो.

टपाल कसं फुटतं ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं लक्षात येईल. सकाळी अकराच्या सुमारास पिशवी यायची. लग्नपत्रिका, उद्घाटनं, जत्रेची निमंत्रणं एका बाजूला. बदली, दवाखान्याचं बिल, घर मंजुरी, रस्ता ही 'कामं' दुसऱ्या बाजूला, आणि हा ढीग सगळ्यात मोठा. उरलेली ती निवेदनं. निवेदनात मी तीन गोष्टी बघायचो: गाव आपल्या मतदारसंघातलं आहे का, साहेबांकडून नेमकं काय हवंय, आणि कधीपर्यंत. तिन्ही सापडलं तर कोपऱ्यात लाल पेनानं 'दाखवणे' असं लिहून वर पाठवायचो. नाही सापडलं तर फाइलला. एकाच मजकुराची शंभर पत्रं आली तर वरचं एक वाचायचो, बाकीची मोजायचो आणि साहेबांना सांगायचो, 'अमक्या विषयावर शंभर आलीत.' 'बरं,' एवढंच ते म्हणायचे. छापील कार्डांचा जीव एवढाच असतो.

आता आपल्या भागाची खास अडचण. इथं मराठी माणसानं मराठीत दिलेलं कुठलंही निवेदन, विषय काहीही असो, कार्यालयात आपोआप सीमाप्रश्नाच्या फाइलला लागतं. त्या फाइलमध्ये 1956 पासूनचे कागद आहेत, 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेल्या दाव्याचे संदर्भ आहेत, आणि ती उघडून वाचायची कुणालाच घाई नसते. टपालवाला वाईट असतो म्हणून हे होत नाही. पत्राच्या पहिल्या ओळीत 'आम्हा सीमावासियांवर' असं दिसलं की त्याचा हात सवयीनं त्या फाइलकडे जातो. माझाही जायचा, आणि मी स्वतः घरी मराठी बोलणारा.

म्हणून माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला हा, की पाळतीच्या कायद्यावरच्या पत्रात सीमाप्रश्न घालू नका. सीमाप्रश्न खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. पण फोन ऐकला जाण्याची धास्ती नंदगडच्या मराठी दुकानदाराला जेवढी, तेवढीच बैलहोंगलच्या कन्नड शिक्षकाला. दोघांच्या सह्या एका कागदावर आल्या की तो कागद कुठल्या फाइलला लावायचा हे टपालवाल्याला कळत नाही, आणि मग तो वाचावा लागतो. शेजारच्या कन्नड घरात जा, चहा प्या, सही मागा. दहापैकी सहा जण तरी देतात, हा माझा अनुभव.

मात्र सीमेवर राहिल्यामुळे जे घडतं, ते खुशाल लिहा. कोगनोळी नाक्यावर गाड्या अडवल्या जातात, 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत साध्या कपड्यातला माणूस कडेनं चालत मोबाइलवर चेहरे टिपत असतो. बेळगावच्या टिळकवाडीत एका सभेला असा एक जण दर वेळी यायचा. शेवटी शेवटी आम्ही त्याच्यासाठी बिनसाखरेचा चहा वेगळा सांगायचो, कारण त्याला डायबिटीस आहे हे आम्हाला कळलं होतं. पाळत म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. हे हकिकत म्हणून लिहा, घोषणा म्हणून नको.

आता 'नवा कायदा' म्हणजे कुठला? तुमच्या प्रश्नात हे नाही, आणि फिरणाऱ्या मेसेजमध्येही नसतं. घटनेच्या सातव्या अनुसूचीत टपाल, तार, टेलिफोन केंद्राच्या यादीत आहेत आणि पोलीस राज्याच्या. म्हणजे फोन, मेसेज, टपाल यांचा विषय असेल तर खासदार. पोलिसांचे चौकातले कॅमेरे, चेहरे ओळखणारी यंत्रणा, असला विषय असेल तर आमदार, आणि त्यासाठी डिसेंबरात हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात भरणारं अधिवेशन ही आपल्या दारातली संधी. राज्याच्या विषयात आणखी एक दार आहे, ते फारसं कुणी ठोठावत नाही. बेळगाव स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून विधान परिषदेवर दोन आमदार जातात, आणि त्यांचे मतदार म्हणजे मुख्यतः ग्रामपंचायत सदस्य. तुमच्या पंचायतीतल्या पाच सदस्यांच्या सह्यांचं पत्र त्या दोघांना तुमच्या 200 कार्डांपेक्षा जड वाटेल.

कायदा कुठल्या टप्प्यावर आहे, हे त्याहून महत्त्वाचं. मसुदा, विधेयक, मंजूर कायदा, नियम आणि नुसता सरकारी आदेश, या प्रत्येकाचं पत्र वेगळं. यात मी स्वतः फसलो आहे. दूरसंचार विधेयक लोकसभेत मांडलं गेलं ते 18 डिसेंबर 2023 ला, सोमवारी. मंगळवारी रात्री आमची बैठक झाली, बुधवारी मी पत्रं टाइप केली, गुरुवारी टाकली. बुधवारीच ते लोकसभेत मंजूर झालं होतं आणि गुरुवारी राज्यसभेत. पत्रं पोचली तेव्हा विरोध करायला विधेयकच उरलं नव्हतं. त्याआधी, 2022 मध्ये, अटक झालेल्यांच्या बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं वगैरे मापं घेऊन 75 वर्षं ठेवण्याचा कायदा 28 मार्चला मांडला गेला आणि 6 एप्रिलला दोन्ही सभागृहांतून बाहेर पडला. मांडल्यावर जागं व्हाल तर टपालाला वेळच नाही.

म्हणून मसुद्यावर लक्ष ठेवायचं. केंद्रानं 2014 मध्येच ठरवलंय, की मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवावा. तो कायदा नाही, नुसतं धोरण, आणि ते सोयीनं पाळलं जातं. पण नियमांच्या बाबतीत खिडकी बहुतेक वेळा उघडते. त्या दूरसंचार कायद्याखालचे फोन ऐकण्याचे नियम ऑगस्ट 2024 मध्ये मसुदा म्हणून आले, हरकतींना 30 दिवस होते, आणि 6 डिसेंबरला ते पक्के झाले. त्या 30 दिवसांत आपल्या जिल्ह्यातून किती हरकती गेल्या असतील? माझ्या टेबलावर एकही टाइप झाली नाही. त्याच दिवसांत गणपती होते, हे खरं कारण.

लिहून काही होतं का, असं कुणीतरी विचारणारच. होतं, पण प्रत्येक ठिकाणी वेगळं. सप्टेंबर 2015 मध्ये केंद्रानं एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेज कुलूपबंद करण्याच्या, धोरणाचा मसुदा आणला होता. लोकांनी आपले मेसेज 90 दिवस जसेच्या तसे जपून ठेवावेत, अशी त्यात अट होती. ओरड एवढी झाली की दोन-तीन दिवसांत तो मागे गेला. नव्या फोनमध्ये सरकारचं संचार साथी ॲप आधीच घालून देण्याचा नोव्हेंबर 2025 चा आदेशही आठवड्याभरात मागे घेतला गेला. तिथं विधेयक नव्हतंच, नुसता आदेश होता, म्हणून गोंगाट पुरला. विधेयकाला गोंगाट पुरत नाही. पलीकडे महाराष्ट्रात जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, 12 हजारांवर सूचना आल्या, 'व्यक्ती आणि संघटना' ही मोघम भाषा समितीनं बदलली, आणि जुलै 2025 मध्ये ते मंजूर झालंच. पत्रांनी विधेयक अडलं नाही, शब्द बदलले. यावर कुणी हिरमुसतो. मी नाही, कारण कोर्टात शेवटी शब्दच वाचले जातात.

सही न होता कायदा अडल्याचंही एक उदाहरण आहे. 1986 चं टपाल दुरुस्ती विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. लोकांची पत्रं फोडण्याचा सरकारचा अधिकार त्यात वाढत होता. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही, परतही पाठवलं नाही, नुसतं ठेवून दिलं. पुढे ते विधेयक मेलं. 2023 च्या टपाल कायद्याच्या कलम 9 मध्ये मात्र टपाल अडवून उघडण्याचा अधिकार आहेच. तेव्हा पाळतीविरुद्धचं तुमचं पत्रही उघडलं जाऊ शकतं. पोस्टकार्ड धाडलंत तर उघडायचेही कष्ट नाहीत, पोस्टमनपासून सगळ्यांना वाचायला मोकळं.

खासदाराकडे काय मागायचं, इथं बहुतेक पत्रं वाया जातात. 'या काळ्या कायद्याला विरोध करा' असं लिहिलेलं असतं. 1985 पासून पक्षांतरबंदी आहे. पक्षानं व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा हुकूम, काढला की विरोधात मत देणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. सत्ताधारी पक्षाच्या खासदाराला 'विरोधात मत द्या' म्हणणं म्हणजे राजीनामा दे म्हणण्यासारखंच, आणि ते तो वाचून सोडून देतो. त्याला व्हिप न मोडता करता येईल असं काहीतरी मागा. विधेयक स्थायी समितीकडे पाठवा अशी मागणी, एखाद्या कलमाला दुरुस्ती, मंत्र्यांना प्रश्न. नियम पक्के झाल्यावरही ते संसदेच्या पटलावर 30 दिवस असतात आणि त्यात बदल सुचवायची मुभा खासदाराला असते. ही मुभा जवळजवळ कुणी वापरत नाही. तुमचे सध्याचे खासदार विश्वेश्वर हेगडे कागेरी हे आधी कर्नाटक विधानसभेचे अध्यक्ष होते, त्यांना समिती म्हणजे काय हे समजावत बसू नका, सरळ मागा.

आणि कलम एकच धरा. मी कुठलं धरीन ते सांगतो. दूरसंचार कायद्याच्या कलम 20(2) खाली फोन किंवा मेसेज ऐकण्याचा हुकूम केंद्राचे किंवा राज्याचे गृहसचिव काढतात. एक हुकूम 60 दिवस चालतो आणि वाढवत वाढवत 180 दिवसांपर्यंत नेता येतो. हुकूम बरोबर होता का, हे तपासायला समिती आहे. केंद्रात तिच्यात कॅबिनेट सचिव आणि आणखी दोन सचिव, राज्यात मुख्य सचिव आणि आणखी दोन सचिव. हुकूम सचिवाचा, तपासणी सचिवांची. न्यायाधीश कुठंच नाही. आणि ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवत नाहीत. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला सांगितलं, पण हक्क मोडला हे कळलंच नाही तर दाद मागणार कशी? फोन टॅपिंगच्या प्रकरणात 1988 ला रामकृष्ण हेगडे यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, हे कर्नाटकातल्या कुठल्याही पक्षाच्या जुन्या माणसाला सांगावं लागत नाही. ते एक वाक्य पत्रात घातलंत तर बसतं.

एका काजू व्यापाऱ्यासाठी मी टाइप केलेलं पत्र खाली देतो. नाव, गाव काढलंय.

'मा. खासदार महोदय, मी आपल्या मतदारसंघातील खानापूर तालुक्याचा मतदार आहे. माझा काजूचा व्यापार आहे. माल चंदगडला जातो, म्हणून माझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत, एक कर्नाटकातलं आणि एक महाराष्ट्रातलं. दर, येणी, बँकेचे निरोप सगळं याच फोनवर. दूरसंचार कायदा 2023 च्या कलम 20(2) खाली कुणाचा फोन ऐकायचा हे सचिव ठरवतात आणि त्याची तपासणीही सचिवच करतात. माझी दोन मागणी आहेत. तपासणी समितीत एक निवृत्त न्यायाधीश असावा. चौकशी संपल्यावर, त्यात काही निघालं नसेल तर, ज्याचा फोन ऐकला त्याला लेखी कळवावं. हे दोन मुद्दे येत्या अधिवेशनात प्रश्न म्हणून दूरसंचार मंत्र्यांना विचाराल का? विचारलंत तर उत्तराची प्रत मिळावी. अधिवेशन सुरू होण्याआधी एकदा फोन करून कार्यालयात चौकशी करीन.'

'माझी दोन मागणी' हे व्याकरणात चुकीचं आहे, मी मुद्दाम तसंच ठेवलं. ते त्याचं बोलणं होतं. वकिलानं लिहिलेलं पत्र टपालवाला लांबून ओळखतो. दोन सिमची गोष्ट मात्र कुठल्याच छापील नमुन्यात सापडली नसती, आणि सीमेवरचा माणूस आहे हे न सांगता कळतं. ते पत्र 'दाखवणे'त गेलं असतं, मी तिथं असतो तर.

मराठीचं. घटनेच्या अनुच्छेद 350 प्रमाणे गाऱ्हाणं मांडायचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. डीसी ऑफिसात कुणी 'कन्नडात आणा' म्हणालं तर हा अनुच्छेद शांतपणे सांगा, आवाज न चढवता. पण खासदार म्हणजे अधिकारी नव्हे. त्यांच्याकडे हक्क चालवण्यापेक्षा सोय बघा. वर मराठी पत्र तुमच्या हातचं, खाली पाच ओळींचा कन्नड सारांश. हा सारांश लिहून द्यायला शाळेतले कन्नडचे मास्तर असतातच. लोकसभेकडे रीतसर याचिका द्यायची असेल तर मात्र हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. तो लांबचा रस्ता, एवढ्यात नको.

नाव-पत्त्याची भीती. ही हसण्यावारी नेणार नाही. घरचे बरोबर बोलतात, आपल्याकडे फेसबुकवर एक ओळ टाकल्याबद्दल पोरांनी पोलीस ठाण्याच्या खेपा घातलेल्या आहेत. पण बिननावाचं पत्र कार्यालयात कचऱ्यात जातं, त्याला दुसरी गत नाही. खासदाराला सभ्य भाषेत पत्र लिहिणं हा गुन्हा नाही. गाव, तालुका, सही एवढं पुरे. आधार नंबर कुणीही मागो, देऊ नका. जन्मतारीख नको, मंडळाच्या पोरांची फोन नंबरांसकट यादी तर मुळीच नको, एकाचाच नंबर द्या. जपायला हवं ते सार्वजनिक हरकती मागवतात तिथं. 2015 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे सगळ्या वेबसाइटना इंटरनेट सारखंच मिळावं यावर, ट्राय या दूरसंचार नियामकाला 10 लाखांहून जास्त ईमेल गेले, आणि ट्रायनं ते पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट वेबसाइटवर टाकून दिले. तेव्हा अशा ठिकाणी मंडळासाठी वेगळा ईमेल काढा.

पत्र कसं पोचवायचं? शक्यतो हातानं. खासदाराचं मतदारसंघातलं कार्यालय सिरसीकडे, लांब पडतं, पण ते खानापूरला कार्यक्रमाला येतात तेव्हा दोन प्रती घेऊन जा आणि एकीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. टपालानंच पाठवायचं तर आता रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलेलं नाही, 2025 मध्ये ते स्पीड पोस्टात गेलं. खिडकीवर नोंदणीसह मागा आणि पावती जपून ठेवा. दहा दिवसांनी फोन. साहेबांना नाही, टपाल बघणाऱ्याला. त्याचं नाव विचारून घ्या, पुढच्या वेळी नावानं बोला. 11 वर्षांत मला नावानं हाक मारणारे चार जण होते, आणि त्या चौघांची कामं मी कधी विसरलो नाही.

आता तुमची 200 कार्डं. फेकू नका. बेळगावच्या खासदारांच्या नावे छापलीत ना? येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी हे बेळगाव मतदारसंघातले. तिकडच्या मंडळांना द्या, छापील मजकुराच्या खाली जागा असेल तर प्रत्येकानं दोन ओळी स्वतःच्या हातानं लिहायच्या, स्वतःच्या फोनबद्दल. जागा नसेल तर छापील मजकुरावरच आडवं लिहा. मी वाचली असती.